महालात महाल शोधताना

मामेभाऊ राहतो मानेवाड्याला, जन्म नागपूरचाच. तरी महाल या जुन्या नागपुरातल्या वस्तीच्या तोंडाशी, गांधी गेटाखाली उभा राहून मला म्हणतो, "ताई, महालात महाल कुठाय पण?" प्रश्न रास्त होता. भोसल्यांचा जुना राजवाडा काळ्या दगडाचा होता, आत लाकडाचं भरपूर कोरीव काम. १८६४ साली तो जळाला आणि मोठा दरवाजा तेवढा उरला. त्यामुळे जयपूर-म्हैसूर डोक्यात ठेवून येऊ नका. इथे इमारतींपेक्षा नावं जास्त टिकली आहेत.

ज्या वेशीखाली आम्ही उभे होतो तिचंच बघा. जुम्मा दरवाजा, शुक्रवारी दरवाजा, गांधी गेट. पलीकडच्या तळ्यालाही तशीच तीन नावं : जुम्मा तलाव, शुक्रवारी तलाव, गांधीसागर. वार एकच, बोलणारे बदलले. देवगडच्या गोंड घराण्यातल्या बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास इथल्या बारा वस्त्या जोडून शहर वसवलं. पुढच्या चांद सुलतानाने राजधानीच इकडे आणली, भोवती कोट घातला आणि हे तळं बांधलं. कोट गेला, वेस राहिली. तिच्या कमानीखालून आज रिक्षा, स्कूटर आणि एखादी म्हैससुद्धा जाते. मान वर करून बघायचं असेल तर बाजूच्या ओट्यावर चढा, रस्त्यात उभं राहिलात तर हॉर्नचा मारा ठरलेला.

चांद सुलतान १७३९ मध्ये वारला आणि गादीवर भलत्यानेच हक्क सांगितला. राणी रतनकुंवरने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. रघूजींनी राणीच्या मुलांना गादीवर बसवलं, पण पुढे भावाभावांत फाटलं. १७४३ मध्ये रघूजी परत आले ते राहण्यासाठीच. राणीचा मुलगा बुऱ्हाण शहा याला त्यांनी हाकललं मात्र नाही. नावापुरता राजा ठेवून तनखा बांधून दिला. मला हा भाग सगळ्यात रंजक वाटतो. शाळेत मात्र आम्हाला तो दोन ओळींत उरकला होता.

आम्ही कॉटन मार्केट मेट्रो स्टेशनला उतरून गांधीसागरपर्यंत चालत गेलो. तळं दगडी भिंतींनी बांधलेलं, चौकोनी, मधोमध बेट. याच भागातल्या दलदलीत भर घालून जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल उभारली. ती १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. व्हिक्टोरिया त्याच दिवशी सम्राज्ञी जाहीर झाली, म्हणून हे नाव. आता तिथे मॉल आहे. तिथे वेळ घालवू नका.

वेशीतून आत शिरलं की रस्ता एकदम आखडतो. टिळक पुतळा, चिटणीस पार्क, बडकस चौक, कोतवाली, सगळं पायी अर्ध्या-पाऊण तासाचं. आम्हाला तीन तास लागले, कारण भाऊ प्रत्येक दारात डोकावत होता. जुन्या वाड्यांची ठेवण एकदा कळली की मग ओळखू येते : रस्त्याकडे जवळजवळ कोरी भिंत, एक भक्कम दार, त्यात वाकून जायची दिंडी आणि आत अचानक आभाळ दाखवणारा चौक. चारी बाजूंनी सागवानी खांब. एका वाड्यात आजीबाईंनी आत बोलावलं, चहा दिला. निम्मा वाडा पडला होता. उरलेल्या खांबांवर कपड्यांच्या दोऱ्या बांधलेल्या. फोटोचं विचारलं तर म्हणाल्या, "घे नं बाई, पण पडलेल्या बाजूचा घेऊ नको." तुम्हीही आधी विचारा, ही लोकांची राहती घरं आहेत. भोसल्यांचा सध्याचा वाडाही खासगीच आहे, बाहेरूनच बघावा. रुक्मिणी मंदिराचं दगडी काम मात्र निवांत बघता येतं. सकाळी लवकर गेलात तर उन्ह तिरपं असतं आणि कोरीव काम नीट उठून दिसतं.

माझी चूक सांगते. आम्ही निघालो रविवारी, म्हटलं गर्दी कमी असेल. गर्दी खरंच कमी होती, कारण इतवारीत बरीच दुकानं बंद. रविवारच्या बाजारावरून ज्या पेठेला नाव पडलं, तिथे रविवारीच शटर! भाऊ हसून लोळायचा बाकी होता. भांडे ओळ, सराफा ओळ वगैरे गजबजलेल्या बघायच्या असतील तर आठवड्यातला दुसरा दिवस धरा. नागपुरी बोलण्यात 'ओळ' म्हणजे एका धंद्याच्या दुकानांची रांग. पत्ता विचारतानाही ओळीच्या नावाने विचारा, पटकन कळतं. नकाशा या बोळांत दोनदा चुकला, पानवाला एकदाही नाही.

शेवट चितार ओळीत केला. इथे मूर्तिकारांची जुनी घरं आहेत. आम्ही गेलो तेव्हा नुसते सांगाडे आणि मातीचे ढीग. खरी मजा हवी असेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या. तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा लाकडी बैलांचा पोळा असतो, काळी आणि पिवळी मारबत (रोगराई, वाईट गोष्टी घेऊन जावी म्हणून मिरवून जाळतात ते पुतळे) निघते, "घेऊन जा गे मारबत"च्या आरोळ्यांनी जुनं शहर दणाणतं. तिथीने गणेशचतुर्थी दोन-तीन दिवसांवर आलेली असते, त्यामुळे चितार ओळीत गणपतींच्या रांगा लागलेल्या. मारबतीची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाची, मुख्यतः याच जुन्या वस्त्यांतली.

बाकी किरकोळ. हिवाळ्यात या, मे महिन्यात या गल्ल्यांत चालणं म्हणजे स्वतःहून भट्टीत शिरणं. गाडी आणूच नका, केळीबाग रोडवर ती लावायला जागा शोधण्यात सकाळ जाईल. चपला सहज काढता येतील अशा घाला. पोटाला तर्री-पोहे आधीच खाऊन घ्या, उशीर केलात तर तर्री संपते आणि उरतात नुसते पोहे. परतीला चितार ओळ चौकाचं मेट्रो स्टेशन जवळ पडतं. मारबतीच्या दिवशी मात्र दोन स्टेशनं अलीकडेच उतरा आणि पुढे चालत जा.