घरचा डीएनएस सर्व्हर, अपडेट ४: उन्हाळा, लाईट आणि डबीचं घड्याळ

मार्चनंतर आज लिहायला बसलोय मंडळी, मधे दोन लग्नं, एक प्रवास आणि भुसावळचा मे महिना एवढं सगळं होतं. सेटअप ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरून (डोमेन) तिचा आकड्यांतला पत्ता सांगणारी सोय. ती घरी चालवायला रास्पबेरी पाय ३ बी प्लस (हातावर मावेल एवढा छोटा कॉम्प्युटर), त्यावर जाहिराती अडवणारं पाय-होल, आणि पाय-होलच्या मागे ५३३५ पोर्टवर पत्ता शोधणारं अनबाउंड. म्हणजे घरातला कुठलाही फोन "हे डोमेन कुठंय" असं विचारतो तेव्हा आधी पाय-होल बघतं की ते ब्लॉकलिस्टमध्ये (अडवायच्या डोमेनच्या यादीत) आहे का, असेल तर ०.०.०.० (कुठेच न नेणारा पत्ता) उत्तर देऊन विषय संपवतं, नसेल तर अनबाउंडला विचारतं, आणि अनबाउंड कुणा मोठ्या कंपनीच्या सर्व्हरला न विचारता थेट रूट सर्व्हरपासून (डोमेनच्या उतरंडीतले सगळ्यात वरचे सर्व्हर) सुरू करून स्वतः उत्तर शोधून आणतं. पहिल्यांदा थोडा वेळ लागतो, नंतर कॅशमधून (जपून ठेवलेल्या उत्तरांतून) लगेच. घरी सगळे याला "डबी" म्हणतात म्हणून मी पण डबीच लिहितो.

या वेळी ब्लॉकलिस्टांवर मी फारसं काम केलं नाही, मुद्दाम. मागच्या अपडेटवर बऱ्याच जणांनी किती लाख डोमेन टाकले असं विचारलं होतं, मी स्टीव्हन ब्लॅकची जी डीफॉल्ट लिस्ट येते ती आणि अजून एक, एवढ्यावरच आहे. माझं लक्ष दुसरीकडे होतं: डबी घरात आहे हे आई-बाबांना आठवायचीच वेळ येऊ नये. जाहिरात एखादी दिसली तर चालतं, पण आईचा बहिणीशी व्हिडीओ कॉल लागला नाही आणि कारण माझी डबी असेल, तर ते मला चालत नाही.

आधी एप्रिलचं सांगतो. आमच्या फायबरवाल्याने दिलेल्या राउटरमध्ये डीएचसीपीतून (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) कुठला डीएनएस वाटायचा हे बदलायची सोयच नाही, फक्त राउटर स्वतः पुढे कुणाला विचारेल तेवढं बदलता येतं. म्हणून मी तिथे डबीचा पत्ता १९२.१६८.१.२ टाकून ठेवला होता आणि काम चालू होतं. फक्त पाय-होलच्या डॅशबोर्डवर सगळ्या क्वेरी (डोमेनची विचारणा) एकाच क्लायंटच्या (विचारणाऱ्या उपकरणाच्या) नावावर दिसायच्या, राउटरच्या, त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. मग एका रविवारी चुलत भाऊ-बहिणी मिळून आठ-दहा जण घरी, सगळ्यांचे फोन वायफायवर, आणि दुपारी शेवभाजीचं जेवण चालू असताना नेट एकदम बंद, मिनिटभराने चालू, परत बंद. पाय-होलमध्ये एका क्लायंटला ६० सेकंदांत १००० क्वेरीची मर्यादा डीफॉल्ट असते, त्याच्यावर गेलं की तो नकार देतो, आणि इथे तर अख्खं घर म्हणजे एकच क्लायंट! मर्यादा वाढवून सुटलं असतं पण ते वरवरचं, म्हणून राउटरचं डीएचसीपी बंद केलं आणि पाय-होलचं चालू केलं. आता प्रत्येक फोन थेट डबीला विचारतो आणि नावानिशी दिसतो. हे करताना दोन्ही डीएचसीपी एकाच वेळी चालू राहू देऊ नका, नाहीतर कुणाला कुठून पत्ता मिळाला हे शोधण्यात दिवस जातो.

त्यानंतर दोन दिवसांनी लक्षात आलं की दोन फोनमध्ये जाहिराती येतातच आहेत. कारण आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत. राउटर आपल्या अनाउन्समेंटमधून स्वतःचा आयपीव्ही६ डीएनएस पण वाटत होता आणि फोन तोच वापरत होते. तो बदलायचा पर्याय नाही, म्हणून सध्या लॅनवर (घरच्या नेटवर्कवर) आयपीव्ही६ बंद ठेवलंय, मनापासून पटलेला उपाय नाही हा, राउटर बदलला की परत चालू करणार.

आणि एक, हे दर वेळी कुणीतरी विचारतं म्हणून: दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ (गुगलचा) टाकू नका. "पहिला बंद पडला तर दुसरा" असं आपल्याला वाटतं पण फोन-लॅपटॉप तसं वागतीलच याची खात्री नाही, बरेच जण दोघांनाही मनाला येईल तसं विचारतात, मग निम्म्या जाहिराती तिथून आत. दुसरा हवाच असेल तर दुसरी डबीच ठेवावी लागते.

आता उन्हाळा. डबी आधी माळ्यावर होती, पत्र्याखाली, फायबरची वायर तिथून येते म्हणून. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना पत्र्याखाली काय होत असेल ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. ३ बी प्लस ६० अंशांवरच १.४ वरून १.२ गिगाहर्ट्झवर येतो आणि ८० च्या आसपास आणखी हळू होतो, माझा दुपारी दोन ते पाच ८० च्या पुढेच होता. खरं सांगायचं तर डीएनएसला एवढी ताकद लागतच नाही, हळू झाला तरी उत्तरं वेळेत येत होती, माझी काळजी एसडी कार्डाची आणि अडॅप्टरची होती. तपासलं तर व्होल्टेज कमी पडून गेल्याची नोंद पण लागलेली, जुन्या मोबाईल चार्जरवर आणि लांब बारीक केबलवर चालवत होतो त्याचा परिणाम. ५.१ व्होल्ट अडीच अँपियरचा नीट अडॅप्टर आणला, आणि डबी माळ्यावरून काढून मधल्या खोलीतल्या जाड भिंतीच्या देवळीत ठेवली. पंखा नाही, हीटसिंक नाही, नुसती जागा बदलली आणि दुपारचं तापमान ६० च्या खाली आलं. कूलरच्या वाऱ्यात मात्र ठेवू नका, तो वारा दमट असतो आणि आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार कुठे कुठे जाऊन बसतात ते कूलरच्या जाळीवर दिसतंच.

आता या अपडेटचा खरा विषय.

मेच्या शेवटी आम्ही सगळे आठ दिवस आईच्या माहेरी लग्नाला गेलो, जाताना बाबांनी सवयीप्रमाणे मेन स्विच बंद केला. परत आलो, स्विच लावला, राउटर चालू, हिरवा दिवा, आणि नेट नाही. म्हणजे वायफाय आहे, पण एकही साईट उघडत नाही. डबीवर लॉगिन होतंय, पाय-होल चालू, अनबाउंड चालू, ८.८.८.८ ला पिंग जातंय. आणि प्रत्येक डोमेनला उत्तर एकच, सर्व्हफेल, म्हणजे सर्व्हरला उत्तर देता आलं नाही. रात्रीचे साडेनऊ, सगळे प्रवासाने थकलेले, बाबा म्हणाले "अरे राहू दे, सकाळी बघ", पण मला कुठलं राहवतंय. अर्धा तास लॉग वाचत बसलो, केबल बदलल्या, अनबाउंड परत टाकलं, काही नाही. मग सहज तारीख बघितली तर डबीसाठी अजून आम्ही लग्नाला निघालेलोच नव्हतो!

कारण असं. रास्पबेरी पायवर, निदान ३ बी प्लसवर, बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. अधूनमधून आणि नीट बंद करताना शेवटची वेळ कार्डावर लिहून ठेवतो आणि चालू झाला की तिथूनच पुढे मोजायला लागतो, खरी वेळ इंटरनेटवरून एनटीपीने घेतो. इकडे अनबाउंड डीएनएससेक तपासतं, म्हणजे उत्तरावरची सही खरी आहे का ते बघतं, आणि प्रत्येक सहीवर "या वेळेपासून या वेळेपर्यंत" अशी मुदत असते. काही तासांचा फरक असेल तर अनबाउंड थोडी सवलत देतं, आमची लाईट दुपारी चार-पाच तास जायची तेव्हा म्हणूनच कधी काही झालं नाही. पण घड्याळ आठ दिवस मागे म्हटल्यावर रूटपासूनच्या नव्या सह्या त्याच्या दृष्टीने उद्या-परवाच्या, म्हणजे नाकारायच्या. मग वेळ दुरुस्त का होत नाही? कारण एनटीपी सर्व्हरचा पत्ता विचारायला डबी स्वतःलाच विचारते, आणि स्वतः तर सगळ्यांना सर्व्हफेल देतेय. वेळ नाही म्हणून पत्ता नाही आणि पत्ता नाही म्हणून वेळ नाही. हाताने तारीख टाकली आणि पाच सेकंदांत सगळं घर चालू.

त्या रात्री मला झोप नाही आली, कारण हे मी घरी असताना झालं म्हणून ठीक, मी पुण्याला असताना झालं असतं तर फोनवर आईला काय सांगणार होतो?

दोन गोष्टी केल्या. पहिली, डबीचा स्वतःपुरता डीएनएस बाहेरचा ठेवला, ९.९.९.९. घराला उत्तरं अनबाउंडच देतं पण डबीला स्वतःला काही विचारायचं असेल तर ती बाहेर विचारते, तिथे सह्या तपासणाऱ्याचं घड्याळ बरोबर असतं, त्यामुळे एनटीपी कधी अडत नाही. एवढ्यानेच प्रश्न सुटतो, एक रुपया खर्च नाही. दुसरी, डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल लावलं. चार वायरी, ३.३ व्होल्ट, ग्राउंड आणि आय-टू-सीच्या (माहिती ने-आण करणाऱ्या) दोन, कॉन्फिगमध्ये एक ओळ, झालं. ० ते ४० अंशांत याची चूक २ पीपीएमच्या आत, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट, आमच्या मेमध्ये थोडी जास्त धरा. पण बाजारात मिळणाऱ्या स्वस्त निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करायचं सर्किट असतं, ते चार्ज होणाऱ्या सेलसाठी केलेलं आहे, आपण त्यात चार्ज न होणारा साधा सीआर२०३२ सेल टाकतो आणि ५ व्होल्टवर चालवलं तर तो साधा सेल चार्ज व्हायला लागतो, फुगू शकतो. ३.३ वर चालवा आणि जमत असेल तर त्या चार्जिंग सर्किटमधलं एक रेझिस्टर डाग काढून टाका, मी काढलं.

नंतर तपासायला तीन वेळा मुद्दाम तारीख महिनाभर मागे टाकून, राउटर आणि डबी दोन्ही एकदम बंद-चालू केलं. एकदा फक्त घड्याळावर, एकदा फक्त बाहेरच्या डीएनएसवर, एकदा दोन्हीवर. तिन्ही वेळा न हात लावता उभं राहिलं.

आकडेवारीबद्दल थोडं, कारण क्लायंट वेगळे दिसायला लागल्यापासून मी ते रोज बघत होतो. दिवसाला चाळीस हजारांच्या आसपास क्वेरी, त्यातल्या २६ टक्के ब्लॉक. हा टक्का बघून खूश होऊ नका. आमच्या टीव्हीचं एक टेलिमेट्रीचं (वापराची माहिती कंपनीला पाठवायचं) डोमेन ब्लॉक आहे, उत्तर मिळत नाही म्हणून तो परत विचारतो, आणि पाय-होल ब्लॉक केलेल्या उत्तराची मुदत डीफॉल्ट दोनच सेकंद देतं, त्यामुळे काही सेकंदांनी परत, रात्रभर, टीव्ही बंद दिसत असताना. एकट्या त्या टीव्हीने ब्लॉकच्या निम्म्याहून जास्त क्वेरी केल्यात. तो वगळला तर टक्का १५ च्या खाली येतो, आणि फोनवर जाहिराती पहिल्यासारख्याच गायब आहेत. मी आता टक्का सोडून क्लायंटप्रमाणे आलेख बघतो, आणि वेळ बघतो. कुठलं उपकरण पहाटे तीनला बोलतंय हे कळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. (यूट्यूबच्या जाहिराती याने जात नाहीत, व्हिडीओ आणि जाहिरात एकाच डोमेनवरून येतात, त्यामुळे ते विचारू नका.)

पण हेच बघताना एक गोष्ट झाली ती इथे लिहायलाच हवी. जूनमध्ये एका रात्री बाबांच्या फोनवरून दोन वाजता एका पॅथॉलॉजी लॅबचं डोमेन, मग मधुमेहावरच्या तीन-चार साईट. नुसती डोमेनची नावं दिसतात, कुठलं पान उघडलं, काय टाईप केलं ते दिसत नाही, पण एवढं पुरे होतं. त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. सकाळी चहाला ते नेहमीसारखे पेपर वाचत बसले होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना, न विचारता त्यांच्या कपाटात हात घातल्यासारखं वाटलं. त्याच रविवारी सगळ्यांना समोर बसवून डबीला काय दिसतं आणि काय दिसत नाही ते स्क्रीनवर दाखवलं, आणि प्रायव्हसी लेव्हल १ वर नेली, म्हणजे डोमेनची नावं नोंदवलीच जात नाहीत, नुसते आकडे आणि क्लायंट. काही बिघडलं आणि शोधायचंच असेल तर घरच्यांना सांगून तेवढ्यापुरती ० वर आणतो, परत १. जुनी नोंद पण पुसून टाकली. बाबांनी दोन दिवसांनी स्वतःहून रिपोर्ट आणून दाखवला, साखर वाढलीय, गोळी सुरू झालीय, संध्याकाळी आम्ही दोघं चालायला जातो आता.

राहिलेलं काम: रावेरचे मामा गेल्या आठवड्यात आले होते, आमच्या वायफायवर केळीचे भाव बघत होते, तर म्हणाले, "भो, तुह्याकडे हे पान हलत नाही, माह्याकडे भावावर बोट ठेवलं का मधीच जाहिरात येते अन् भलतंच उघडतं." त्यांच्याकडे पण एक डबी बसवायचीय. मळ्यातल्या घराला लाईट कधी येते कधी जाते याचा भरवसा नाही, त्यामुळे तिथे घड्याळाचं मॉड्यूल पहिल्या दिवसापासून असणार, कार्डावर लिहिणं कमी करायला लॉग रॅममध्ये ठेवणार, आणि राउटर आणि डबी दोघांना मिळून एक छोटा डीसी यूपीएस. मॉड्यूल दोन मागवलेत, एक स्पेअर म्हणून. मामांचा राउटर कुठला डीएनएस वाटतो ते मात्र तिथे गेल्यावरच कळेल, पोळ्याच्या सुट्टीत जातोय.