तुम्ही विचारलंत म्हणून: ती थप्पड बसली नसती तर?

जुन्या चित्रपटांवर लिहायला-बोलायला लागल्यापासून एक प्रश्न माझ्या वाट्याला ठरलेला आहे. ललिता पवारांचं नाव निघालं की समोरून कुणीतरी विचारतंच, "ती थप्पड बसली नसती, तर त्या केवढ्या मोठ्या नायिका झाल्या असत्या, नाही हो?" विचारणाऱ्याच्या आवाजात खरी हळहळ असते. उत्तर त्याचं त्याने ठरवलेलं असतं, मी फक्त मान हलवायची असते. मला ती हलवता येत नाही, आणि का ते उभ्या उभ्या सांगताही येत नाही. म्हणून एकदाचं बैजवार सांगते.

ज्यांना किस्सा माहीत नाही त्यांच्यासाठी: १९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचं काम चालू होतं. एका प्रसंगात सहकलाकाराने ललिताबाईंच्या थोबाडीत मारायची होती. सहकलाकार होते भगवान, म्हणजे पुढचे आपले भगवानदादा. हात नको तेवढ्या जोरात बसला. चेहऱ्याला लकवा मारला, डाव्या डोळ्याला इजा झाली. लांबलचक उपचारांनंतर चेहरा सावरला, पण डावा डोळा कायमचा बारीक झाला. वय सव्वीस.

इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधीचं मात्र कुणाला नको असतं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नुकतीच पडद्यावर आलेली, उंबरठ्यावरच ठेच लागलेली एक पोर उभी राहते. प्रत्यक्षात येवल्याच्या अंबा सगुण (हे ललिताबाईंचं मूळ नाव) १९२८ साली, बारा वर्षांच्या असताना, मूकपटात दाखल झाल्या होत्या. थप्पड बसली तेव्हा त्यांच्या गाठीशी चौदा वर्षांचं काम होतं, आणि नायिकेचं काम होतं. भालजी पेंढारकरांचा 'नेताजी पालकर' थप्पडेच्या तीन-चार वर्षं आधीचा. मास्टर विनायकांचा, खांडेकरांच्या कथेवरचा 'अमृत' १९४१चा. तिशीच्या दशकात त्यांनी स्वतः निर्मितीतही हात घातला होता. 'दुनिया क्या है' हा त्यांचा चित्रपट टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन'वर बेतलेला होता. नायिका व्हायचं राहून गेलेली बाई अशी काही इथे दिसत नाही. राहिला असेल तर प्रश्न एवढाच, की अजून किती वर्षं?

फार नाही, असं मला वाटतं. त्यांच्या आगेमागे निघालेल्या बायकांचं काय झालं ते बघा. लीला चिटणीस १९३९ साली 'कंगन'मध्ये अशोककुमारांच्या नायिका होत्या. १९४८ साली 'शहीद'मध्ये त्या दिलीपकुमारांच्या आई झाल्या, आणि तीन वर्षांनी 'आवारा'मध्ये राज कपूरच्या. त्यांना कुणी थप्पड मारली नव्हती. दुर्गाबाई खोट्यांनी १९३२ साली 'अयोध्येचा राजा'ची तारामती केली आणि १९६० साली 'मुगल-ए-आझम'ची जोधाबाई. मूकपटांच्या जमान्यातली सर्वांत झगमगती नटी सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स (आपल्या सुलोचनादीदी वेगळ्या), तिला नंतर किरकोळ भूमिकांवर समाधान मानावं लागलं. त्या काळचा हिंदी सिनेमा पस्तिशीच्या बाईला आई, सासू नाहीतर आत्या यापलीकडे काही करूच देत नव्हता. थप्पड बसो न बसो, ललिताबाईंची गाडी त्याच स्थानकावर जाणार होती. ती काही वर्षं आधी पोचली.

याच प्रश्नाची उलटी आवृत्तीही असते: "थप्पड बसली म्हणूनच त्या एवढ्या मोठ्या झाल्या!" ही तर मला आणखी खटकते. सव्वीस वर्षांच्या बाईचा चेहरा जातो, आणि आपण त्यात तिचं भाग्य शोधायचं? अपघात तो अपघात. त्याच्यामुळे अभिनय येत नसतो.

अभिनय कुठून आला, हे बघायचं तर अपघातानंतर दोन वर्षांनी आलेला 'रामशास्त्री' बघा. प्रभातचा, १९४४चा. रामशास्त्री म्हणून गजानन जागीरदार उभे आहेत, आणि आनंदीबाई ललिता पवार. आपल्याकडे आनंदीबाई म्हटलं की 'ध'चा 'मा' केलेली बाई, विषय संपला. इतिहास काय म्हणतो ते बाजूला ठेवू. भूमिका अशी, की प्रेक्षक आधीच दातओठ खात आलेला. सोपा मार्ग होता डोळे गरागरा फिरवायचा. ललिताबाईंची आनंदीबाई मला दिसते ती घरातल्या माणसांचा हिशेब मांडणारी, नवऱ्याला नेमकं कुठे टोचलं की तो हलेल हे जाणणारी. दुष्टपणा दाखवायचा नसतो, कामाला लावायचा असतो, ही जाण मला त्यांच्यात इथून पुढे सतत दिसते.

मग सासवा सुरू झाल्या. शांतारामबापूंच्या 'दहेज'मध्ये (१९५०) हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू केली तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या. पुढे इतक्या सासवा केल्या की त्यांचं नाव घराघरात शिवीसारखं वापरलं जाऊ लागलं. "काय ललिता पवारसारखी बघतेस!" हे वाक्य ज्यांनी त्यांचा एकही चित्रपट पाहिला नाही अशांच्या तोंडीही मी ऐकलं आहे. त्या बारीक डोळ्याचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला, हे कुणीही सांगेल. मला जास्त लक्षात राहतं ते असं, की उपयोग करायचा नसेल तेव्हा तो डोळा त्या आपल्याला विसरायला लावत. 'श्री ४२०'मधली (१९५५) केळीवाली गंगामाई आठवा. मुंबईच्या फुटपाथवर बसून राज कपूरशी केळ्यांच्या भावावरून हुज्जत घालणारी, नंतर शंभर रुपयांत घर मिळणार म्हणून त्याच्यावर विश्वास टाकणारी. चेहरा तोच, डोळा तोच, आणि भीती नावालाही नाही.

सासवांबद्दल माझं एक मत आहे, ते पटलं नाही तरी चालेल. त्या काळच्या पडद्यावरच्या आया बहुतेक वेळा शिलाई मशीनवर खोकत बसलेल्या असत. कथा त्यांच्यासाठी घडे, त्यांच्यामुळे घडत नसे. ललिताबाईंची सासू निर्णय घेई. किल्ल्या तिच्या कमरेला असत. ती खोलीत आली की बाकीचे उभे राहत. वाईट असेल, पण चित्रपटात सत्ता असलेली बाई बहुधा तीच एकटी. 'जंगली'मध्ये (१९६१) तर शम्मी कपूरची आई झालेल्या ललिताबाईंनी घरात हसण्यालाच बंदी घातली आहे, आणि ती शिस्त मोडणं हाच अख्ख्या चित्रपटाचा खेळ. बंदी खरी वाटली नसती तर शम्मी कपूरच्या 'याहू'ला जोर कुठून आला असता? पुढ्यात भिंत भक्कम हवी. 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये गुरुदत्तने त्यांना स्त्रीहक्कांसाठी भांडणारी, पुरुषद्वेष्टी आत्या केलं आणि चित्रपटभर तिची टर उडवली. हा चित्रपट मला आवडतो आणि त्या आत्याच्या बाबतीत तो अन्यायी आहे असंही वाटतं. आत्या तरीही कार्टून होत नाही. तिचं ऐकावं असं मधूनमधून वाटतं, ते संवादांचं श्रेय नव्हे.

सासूच्या पलीकडचं सातत्याने कुणी पाहिलं असेल तर हृषीकेश मुखर्जींनी. १९५९च्या 'अनाडी'त त्यांनी ललिताबाईंना मिसेस डिसा केलं, १९६१ साली 'मेम दीदी', १९७१ साली 'आनंद'मधली मेट्रन. 'मेम दीदी' आज फारसं कुणी बघत नाही. पण विचार करा: साठीच्या दशकातला हिंदी चित्रपट, भार सगळा जयंत, डेव्हिड आणि ललिता पवार या तिघांवर, आणि शीर्षक बाईच्या भूमिकेवरून! आजही निर्मात्याला घाम फुटेल. मिसेस डिसासाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. ही घरमालकीण भाडेकरूवर सदोदित करवादते आणि त्याच करवादण्यातून त्याला पोटाशी धरते. ललिताबाईंनी दोन सूर आलटून पालटून लावलेले नाहीत, इथे राग, इथे माया असं. एकाच वाक्यात दोन्ही. रागाचा आवाज खाली न आणता माया ऐकू आणणं किती अवघड असतं ते नाटकात कधी काम केलेल्यांना विचारा.

पण माझी सर्वांत लाडकी भूमिका वेगळीच आहे. १९६२चा 'प्रोफेसर'. शम्मी कपूर म्हाताऱ्या शिक्षकाचं सोंग घेऊन एका घरात शिरतो, आणि घरातल्या मुलींवर कडक पहारा ठेवणारी सीतादेवी त्या म्हाताऱ्याच्याच प्रेमात पडते. विनोदी चित्रपट आहे, प्रसंग हसण्यासाठीच लिहिलेले आहेत. उतारवयातल्या बाईला प्रेम सुचणं हाच विनोद! एखादी नटी लाडिक मुरके मारून टाळ्या घेऊन गेली असती. ललिताबाई लाजतात ते खरं लाजतात. इतकी वर्षं कुणी आपल्याकडे तसं पाहिलेलंच नाही, ही गोष्ट त्या कुठेही बोलून दाखवत नाहीत, आणि ती कळते. त्यामुळे सोंग उघडं पडायची वेळ जवळ येते तसं हसता हसता आपल्याला अपराधी वाटायला लागतं. माझ्या मते या बाईचं नायिकेचं काम बघायचं असेल तर ते इथे आहे. वय शेहेचाळीस, आणि पोस्टरवर चेहरे दुसऱ्यांचे.

'रामायण' मालिकेतली मंथरा सगळ्यांना आठवतेच, त्यामुळे तिच्याबद्दल थोडक्यात. तेव्हा त्या सत्तरीच्या होत्या आणि मूकपट सुरू केल्याला साठ वर्षं होत आली होती. ज्या पिढीने फक्त मंथराच पाहिली, तिला थप्पडेचा किस्सा जास्त भावतो असं माझं निरीक्षण आहे. कुरूप भूमिकेमागे एक करुण कारण मिळालं की बरं वाटतं.

तर, नसती बसली थप्पड तर? तीनचार वर्षं अजून नायिका, दोनचार अजून बरे चित्रपट, आणि मग आई नाहीतर सासू. आणि सासू मिळाली असती तर तिने सुनेइतकाच दिग्दर्शकालाही घाम फोडला असता, याची मला खात्री आहे. आता तुम्हीच तपासून बघा. 'अनाडी'पासून सुरुवात करा. मिसेस डिसा बनावट औषधाने मरते तिथून मी बहुतेक वेळा उरलेला चित्रपट अर्ध्या लक्षाने बघते, तुमचं तसं होतं का ते कळवा. 'प्रोफेसर' त्यानंतर.