खंबाटकीत तापणारी चारशेसात आणि पीयूसीत नापास : माझा अनुभव

माझी गाडी 2008 ची चारशेसात, म्हणजे टाटा 407 हा छोटा मालट्रक, एमएच 11 पासिंग, बीएस-2 म्हणजे प्रदूषणाच्या जुन्या नियमातली, टर्बो नसलेलं साधं इंजिन, सेन्सर-बिन्सरची भानगड नाही. तीन मालक करून माझ्याकडे आली. कोरेगावहून आलं (अद्रक) भरायचं, पुण्याला मार्केट यार्डात खाली करायचं आणि येताना खत, पत्रे, किराणा जे भाडं मिळेल ते घेऊन यायचं असा धंदा. जाताना पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटाला बोगदा असल्यामुळे काही जाणवायचं नाही, पण पुण्याकडून येताना घाटच चढायचा आणि तोही माल भरून, तिथं सगळं बाहेर पडायचं.

2022 च्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारचं ऊन, मागं खताची पोती, अर्ध्या घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा लालमध्ये गेला. मी घाबरून गाडी कडेला घेतली आणि पटकन बंद केली तर रेडिएटरच्या ओव्हरफ्लोतून फसफसून पाणी बाहेर. मागं एका ट्रकवाल्या मामांनी थांबून आधी शिवी हासडली, मग सांगितलं की पाणी आहे तोवर इंजिन बंद करायचं नाही, न्यूट्रलला हलक्या रेसवर चालू ठेवायचं म्हणजे पाण्याचा पंप आणि फॅन फिरत राहतात, एकदम बंद केलं की पाणी जागच्या जागी उकळतं. पाणी गेलंच असेल तर मात्र बंद, आणि तापलेल्यात गार पाणी ओतायचं नाही, इंजिनच्या हेडला तडा जातो. रेडिएटरच्या झाकणाला तर हातच लावू देत नव्हते.

त्याच महिन्यात पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचं सर्टिफिकेट, संपलं. जुन्या गाडीला ते दर सहा महिन्यांनी काढावं लागतं. सेंटरवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली, चार-पाच वेळा फुल रेस मारायला लावली, धुराच्या दाटपणाचं रीडिंग आलं 3.9. आमच्या जुन्या डिझेलला लिमिट 2.45, बीएस-4 ला तर 1.62 च आहे. पोरगा म्हणाला थोडं वर द्या, बघू काय होतंय. खोटं कशाला बोलू, खिशात हात गेला होता. पण पुढच्याच महिन्यात पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी होती आणि तिथं गाडी भकाभका काळं ओकायला लागली तर कागद दाखवून काय उपयोग.

मग मेस्त्री फिरलो. एक म्हणाला हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिन ब्लॉकच्या मधलं पॅकिंग, गेलंय, हेड उतरवू, फेसिंग करू, वीस हजार धरून चाल. दुसरा म्हणाला रेडिएटर नवीन टाक. धुराचं विचारलं की दोघंही एकच, जुनी गाडी आहे, धूर मारणारच. मलाही ते दोन वेगळे आजार वाटत होते.

हेड खोलायच्या आधी मी स्वतः बघायचं ठरवलं. सकाळी गार इंजिनवर झाकण काढून स्टार्ट मारला, पाण्यात बुडबुडे नाहीत. डिपस्टिकवर ऑइल काळंच, दुधाळ नाही. सायलेन्सरला पांढरी वाफ नाही, रात्रीत पाणी उतरत नाही. गॅस्केट गेलं असतं तर यातलं काहीतरी दिसलं असतं. म्हटलं हेडला हात लावायचा नाही, आणि वीस हजार वाचले ते इथं.

रेडिएटर मात्र खरंच बाद व्हायच्या बेतात होता. पुढनं चकाचक, पण फॅनच्या बाजूनं बॅटरी मारून बघितलं तर फिन्समध्ये माती, किडे, भुसकट असं गच्च. ते इंजिनच्या बाजूनं पुढं, हलक्या प्रेशरनं धुतलं कारण जोरात मारलं तर फिन्स वाकतात. आतनं तर अजून वाईट, मी वर्षानुवर्षं शेतातल्या बोअरचं पाणी ओतत आलेलो, ते इतकं क्षारी की घरच्या बादलीला पांढरा थर बसतो, मग नळ्यांत काय होणार. रेडिएटरवाल्याने टाकी खोलून सळई मारली तर पांढऱ्या खपल्या निघाल्या नुसत्या. झाकणाचं रबरही गेलेलं. मला वाटायचं झाकण म्हणजे झाकण, पण ते प्रेशर धरतं म्हणून पाणी शंभरला उकळत नाही. झाकण बदललं, फॅन बेल्ट काचेसारखा गुळगुळीत झालेला तोही बदलला, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरलं. पुढच्या खेपेला घाट न थांबता चढली, तरी काटा लालच्या खाली बोटभर. आणि धूर जसाच्या तसा.

शेवटी साताऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीकडे गेलो. त्यांनी पहिलंच विचारलं, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व्ह, आहे का? मी ऐटीत सांगितलं, नाही, आधीच्या मालकानं काढून टाकलाय, गाडी गार राहते त्यानं. ते हसले नुसते. म्हणाले, अरे थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा बायपासची, म्हणजे रेडिएटरला वगळून पाणी परत इंजिनात नेणारी वाट बंद करतो. तो नसला की बायपास कायम उघडा, मग घाटात नेमकं गार व्हायची गरज असताना थोडं पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतं. आणि सपाटीला उलटं, इंजिन गरमच होत नाही, डिझेल नीट जळत नाही, धूर आणि ॲव्हरेज दोन्हीची वाट. मला आठवलं, थंडीत कोरेगाव ते सातारा काटा हलायचासुद्धा नाही आणि मी खूश व्हायचो.

नवीन थर्मोस्टॅट आणला, बसवायच्या आधी घरी पातेल्यात दोरीला लटकवून उकळून बघितला, ऐंशीच्या पुढं गेल्यावर हळूहळू तोंड उघडलं. आईचं दुधाचं पातेलं होतं ते, त्यावर जास्त बोलत नाही.

मग मेस्त्रींनी डिझेल पंपाकडं बोट दाखवलं, सील तुटलेलं. कुणीतरी पिकअपसाठी डिझेलचा स्क्रू वाढवून ठेवलेला. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त म्हणजे काळा धूर आलाच, वर चढाला जास्तीची उष्णता, म्हणजे धुराचं आणि तापण्याचं मूळ बऱ्यापैकी एकच निघालं. पंप बेंचवर चढवून कॅलिब्रेशन केलं, इंजिनात डिझेल फवारणारे दोन नोझल थेंब गाळत होते ते बदलले, डिझेल सुटायचं टायमिंग लावलं, एअर फिल्टर नवीन. सगळं धरून माझे साडेअकरा हजार गेले.

पीयूसीचं रीडिंग आलं 1.8, पासिंग पहिल्या फटक्यात. मे महिन्यात भर दुपारी खत भरून घाट चढलो, काटा निम्म्याच्या जरा वर आणि तिथंच. फक्त पिकअप कमी झालाय, आधी तिसऱ्या गिअरवर निघणारं वळण आता दुसऱ्यावर काढावं लागतं. चुलतभाऊ गाडी नेतो तेव्हा दरवेळी कुरकुरतो, तेवढा स्क्रू अर्धा आटा फिरवू दे म्हणतो. मी सील लावून घेतलंय आणि गाडी परत आली की आधी तेच बघतो.