ठळक सेरिफ, नोंद सहावी: स्मॉल ‘ई’ने डोळा उघडला

इंग्रजी शीर्षकांसाठी मी एक ठळक सेरिफ टाइप आखतोय; सेरिफ म्हणजे अक्षरांच्या टोकांना असलेले छोटे पाय. मागच्या खेपेला उभे दांडे १६० वरून १९० युनिटवर नेले होते (एम, म्हणजे अक्षराची मूळ चौकट, हजार युनिटचा). कॅपिटल एच, आय, एल त्यात मस्त खुलले. आडदांड झालेत, पण शीर्षकाचा टाइप आडदांड नको तर काय? रड सुरू झाली ती स्मॉल अक्षरांत.

‘ई’चा हिशेब मांडून बघा. एक्स-हाइट, म्हणजे स्मॉल ‘एक्स’ची उंची, ५२०. त्यात वरची कमान, मधली पट्टी आणि खालचं वळण अशा तीन आडव्या रेघा. प्रत्येकी ११० धरली की ३३० काळ्यात गेले. उरले १९०, म्हणजे दोन पोकळ्यांना ९५-९५. छापून भिंतीवर लावलं, चार पावलं मागे सरकलो, तर ‘ई’च्या जागी नुसता डाग. मी खुळ्यासारखा तीन रात्री बाजूची जाडी तासत बसलो. डाग तसाच, वर शेजारच्या ‘एन’पुढे ‘ई’ किडकिडीत.

शेवटी रेघा ६० वर आणल्या. आता पोकळ्यांना १७०-१७० मिळाले. त्यातही वरची चहूबाजूंनी बंद, म्हणून तीच आधी बुजते. पट्टी १२ युनिट खाली उतरवली आणि अक्षराने डोळा उघडला. जाडी बाजूंना ठेवायची, वर-खाली नाही, एवढंच ते.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या टाइप ओतणाऱ्या फाउंड्र्यांनी जाहिरातींसाठी जे फॅट फेस (अतिजाड टाइप) काढले, त्यांनी हेच टोकाला नेलं: दांडे फुगलेले, रेघा केसाएवढ्या. मोहात पडून मीही २४ युनिटची रेघ करून पाहिली. ७२ पिक्सेलला ती पावणेदोन पिक्सेल भरते, देखणी दिसते. १६ ला जेमतेम ०.४ पिक्सेल, पट्टी विरली आणि ‘ई’चा ‘सी’ झाला. उलट बाजूला १८४५ चा क्लॅरेंडन टाइप: सेरिफ जाड, दांड्याला वळण घेऊन मिळणारी. माझा टाइप या दोघांच्या मध्ये कुठेतरी, क्लॅरेंडनकडे झुकलेला. मुखपृष्ठ, पोस्टर, दोन ओळींचं शीर्षक, इतकंच त्याचं काम. परिच्छेद लावून पाहिला. सहाव्या ओळीला डोळे दुखले.

स्पेसिंगही हलवावं लागलं. अक्षराच्या पोटातली पांढरी जागा आटली की दोन अक्षरांमधलीही आटायला हवी, नाहीतर शब्द फुटतो. म्हणून ‘एन’च्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा ६० वरून ३८. लगेच ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून ‘एम’ वाचला जाऊ लागला! त्या जोडीला कर्निंगमध्ये (ठराविक जोडीपुरतं अंतर बदलणं) १८ परत दिले.

‘एस’ अजून पुढे कलतो. उलटा करून पाहिला की लबाडी लगेच कळते, कण्याचा, म्हणजे त्या तिरक्या वळणाचा, मधला भाग फार जाड आहे. दुमजली ‘जी’ला (खाली दुसरा बंद फास असलेला) हात लावलेला नाही. तिथे एकावर एक चार रेघा आहेत, आणि मी सध्या त्या कागदाकडे बघतच नाहीये.