पोर्चचा दिवा बंद ठेवा

ॲरिझोनातल्या टूसॉनला राहायला जाणार म्हटलं की लोक ठरावीक दोन प्रश्न विचारतात: ऊन सोसवतं का आणि साप निघतात का. किड्यांचं कुणी विचारत नाही. माझं म्हणाल तर आधी तेच विचारावं. साप इथे आल्यापासून मला लांबूनच दिसलेत. किडे मात्र घरचेच असल्यासारखे वावरतात.

एक खुलासा आधीच करून टाकते. विंचू आणि कोळी आठ पायांचे, म्हणजे शास्त्राप्रमाणे ते कीटक नव्हेत. गोम तर आणखी तिसऱ्याच घराण्यातली. माझी लेक हे मला दर वेळी सुनावते. पण रात्री बाथरूमला जाताना समोरून काही सरसरत गेलं की पाय कोण मोजत बसतं? इथे सगळ्यांना मी किडेच म्हणणार आहे.

आम्ही आलो मे महिन्यात. सोनोरन वाळवंट म्हणजे नुसती वाळू नाही. सग्वारो निवडुंग, काटेरी झुडपं, आणि आमच्या भाड्याच्या घराच्या अंगणात एक पॅलो व्हर्डी. या झाडाचं खोड हिरवं, फांद्याही हिरव्या. पानं इतकी बारीक की कोरड्या दिवसांत ती गाळून टाकून झाड खोडावरच भागवतं. मे-जूनमध्ये बाकी सगळं निपचित पडलेलं असतं. जून संपत आला आणि त्या झाडाखालच्या खडीत भोकं दिसू लागली. माझा अंगठा सहज आत जाईल एवढी, गोल, स्वच्छ कडांची. शेजारच्या बाईंना विचारलं. त्या सत्तरीच्या पुढच्या, जन्म इथलाच. वाकून बघत म्हणाल्या, "ही आत जायची भोकं नाहीत, बाहेर यायची आहेत."

त्याच आठवड्यात रात्री जाळीच्या दारावर धप्पकन काहीतरी आदळलं. पॅलो व्हर्डी भुंगा. साडेतीन इंचांपर्यंत वाढतो म्हणतात, आमचा पाहुणा त्याच्या आसपास असेल. तो जाळीला बाहेरून चिकटला होता आणि मी आतून बघत होते, त्यामुळे त्याचं पोट थेट नाकासमोर. काळपट तपकिरी, चकचकीत. पायांच्या टोकांना आकडे, ते जाळीच्या छिद्रांत अडकवून एकेक पाय सोडवत वर चढत होता आणि दर पावलाला तार खरवडल्याचा आवाज येत होता. मानेच्या दोन्ही बाजूंना काटे. मिशा जवळजवळ अंगाएवढ्या, त्या तो आळीपाळीने हलवत होता, आधी डावी, मग उजवी. मग सोडलं आणि उडाला. उडाला म्हणजे काय, प्रमाणाबाहेर माल भरलेल्या टेम्पोसारखा डुलत गेला आणि भिंतीवर आपटला.

या भुंग्याची अळी जमिनीखाली झाडांची मुळं खात काही वर्षं काढते. वर येऊन भुंगा म्हणून जगायला मिळतात जेमतेम काही आठवडे, पावसाळ्याच्या तोंडाशी. त्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपलं. खाण्याकडे त्याचं फारसं लक्षही नसतं. मुद्दाम हातात धरलात तर जबड्याने चिमटा काढेल, पण तुमच्याकडे त्याचं काही काम नाही.

दिव्याकडे मात्र आहे. टूसॉनमध्ये रात्री अंधार असतो आणि तो मुद्दाम राखलेला असतो. जवळच किट पीक या डोंगरावर आकाश बघायच्या मोठमोठ्या दुर्बिणी आहेत, म्हणून १९७२ पासून या शहरात बाहेरच्या दिव्यांवर नियम आहेत. गल्लीत काळोख आणि आमचा पोर्च पांढऱ्या बल्बने उजळलेला, मग आजूबाजूचे सगळे भुंगे कुठे येणार? शेजारच्या बाईंनी कुंपणावरूनच सांगितलं, दिवा बंद ठेवा, लावायचाच तर पिवळा लावा. आम्ही पिवळा लावला. भुंगे कमी झाले आणि अंगणातून आकाशगंगा दिसायला लागली. हा दुसरा फायदा भाड्याच्या जाहिरातीत लिहायला हवा.

इथले किडे एवढे मोठे का, हे मी बरंच वाचलं. मला पटलेलं एक कारण असं: वाळवंटात जगायचं म्हणजे अंगातलं पाणी जपायचं. शरीर मोठं असलं की आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी पडतो, पाणी उडून जायला वेळ लागतो. वर कवचावर मेणाचा थर. शिवाय दिवसभर जमिनीत दडायचं आणि कारभार रात्री करायचा.

याला सणसणीत अपवाद म्हणजे इथला सिकाडा, झाडाचा रस पिणारा किडा. भर दुपारी, पारा चाळिशीच्या वर असताना, पक्षीसुद्धा सावली धरून बसलेले असताना हा झाडावर कर्कश कोकलत असतो. कारण त्याला घाम येतो. झाडाचा रस शोषत राहायचा आणि त्यातलं पाणी अंगावरच्या बारीक छिद्रांतून सोडायचं, की हवेपेक्षा अंग काही अंशांनी थंड. आमचा छतावरचा कूलर पाणी पिऊन हेच करतो आणि वरून बिल पाठवतो.

आता कामाचं. नव्याने येणारा माणूस आकार बघून घाबरतो, आणि इथे तो हिशेब उलटा आहे. हेअरी विंचू पाच इंचांच्या पुढे जातो, उत्तर अमेरिकेतला सगळ्यात मोठा. दिसायला भयंकर, पण त्याचा डंख साधारण मधमाशीइतका. बार्क विंचू दोन-तीन इंचांचा, फिकट पिवळसर, सडपातळ. नजरेत भरतही नाही. अमेरिकेतला सगळ्यात विषारी विंचू तोच. धडधाकट मोठ्या माणसाला ठणका, मुंग्या आणि बधिरपणावर निभावतं, लहान मुलांचं मात्र गंभीर होऊ शकतं. २०११ साली त्यावरच्या प्रतिविषाला अमेरिकेत रीतसर मान्यता मिळाली, मूळ काम मेक्सिकोतलं. आणि हा भिंतीवर चढतो, छतावरून उलटा चालतो. मोठा हेअरी विंचू बिचारा जमिनीवरचा.

त्यामुळे आमच्या घरात काही गोष्टी आता आपोआप होतात. बूट झटकून घालणे. पलंग भिंतीपासून हातभर लांब. पांघरूण जमिनीला टेकता कामा नये. ज्यांच्याकडे तान्हं बाळ असतं ते पाळण्याचे पाय काचेच्या बरण्यांत उभे करतात, कारण विंचवाला काचेवर चढता येत नाही. फवारणीवाले दर महिन्याच्या बोलीवर यायला तयार असतात, पण विंचू त्या औषधांना सहजासहजी दाद देत नाही. आम्ही तो खर्च दारांखालच्या रबरी पट्ट्यांवर केला. दाराखालून उजेड दिसत असेल तर विंचवालाही रस्ता आहे, इतकं साधं गणित.

आणि अतिनील टॉर्च. तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. नवरा रात्री जेवण झालं की अंगणाच्या भिंतीवरून ती फिरवतो. पहिल्यांदा दगडांच्या फटीत एक चमकला तेव्हा लेक ओरडली, "बाबा, तिकडे अजून एक! आई, तू जागची हलू नकोस!" मी कशाला हलते.

तसं वेदनेच्या बाबतीत आमच्या गावाला मोठी परंपरा आहे. डंखांची वेदना मोजायची पट्टी बनवणारे कीटकशास्त्रज्ञ जस्टिन श्मिट टूसॉनचेच. २०२३ मध्ये ते गेले. एक ते चार अशी त्यांची पट्टी, आणि चारवर जे मोजके बसले आहेत त्यांत टॅरँटुला हॉक आहे. ही गांधीलमाशी निळसर काळी, पंख गडद केशरी, दोन इंचांपर्यंत मोठी. डंख झालाच तर आडवं पडून खुशाल ओरडा, धावलात तर आणखी कुठे तरी आपटाल, अशा अर्थाचा त्यांचा सल्ला आहे. वेदना काही मिनिटांत ओसरते म्हणे. मला पडताळून बघायचं नाही.

ती मादी काम करताना मात्र मी बघितली आहे. ऑगस्टमध्ये, कचऱ्याचा डबा आत आणताना. आपल्यापेक्षा कितीतरी जड टॅरँटुला कोळी तिने डंख मारून लुळा केला होता आणि मागे मागे सरकत खडीवरून ओढत नेत होती. मध्येच सोडायची, पुढे जाऊन वाट मोकळी आहे का बघायची, परत येऊन पाय धरायची. कोळी जिवंत असतो. ती त्याला बिळात नेते, त्यावर एकच अंडं घालते आणि बीळ बुजवते. अळी बाहेर पडल्यावर त्याला आतून खाते, महत्त्वाचे अवयव शेवटी, म्हणजे तो जास्तीत जास्त काळ ताजा राहतो. मी डबा तिथेच सोडून उभी राहिले. मी एवढ्या जवळ उभी असून तिने माझी दखलही घेतली नाही.

त्या कोळ्यांचं मला खरोखर वाईट वाटतं. पावसाळ्यात संध्याकाळी रस्ता ओलांडताना दिसतात ते बहुधा नर. वयात यायलाच त्यांना आठ-दहा वर्षं लागतात, आणि मग जोडीदारीण शोधत भटकायचं. माद्या बिळातच राहतात आणि वीस वर्षांहून जास्त जगतात. आमच्या गल्लीत कोळी रस्त्यात दिसला की गाड्या थांबतात. हॉर्न वाजवणारा बहुधा नवा आलेला असतो.

पहिला जोराचा पाऊस पडला की पंखवाल्या मुंग्या, बोटभर लांबीचे तपकिरी पैसाकिडे, हिरव्या अंगाचे ढोल भुंगे, सगळे एकदम हजर. हे भुंगे उडताना दारावर, गाडीवर, माणसावर आपटतात आणि काही झालंच नाही असं दाखवून पुढे जातात. त्यांच्याशी आमचं भांडण नाही.

एकाशी मात्र माझं अजून जमलेलं नाही. झुरळ. त्याचा वाळवंटाशी काही संबंध नाही, तो गटारातून, पाण्याच्या मीटरच्या पेटीतून येतो आणि मोरीच्या जाळीतून डोकं काढतो. भुंग्याला मी कागदावर घेऊन झाडाखाली सोडते, कोळ्यासाठी गाडी थांबवते, विंचवाला काचेच्या ग्लासाखाली झाकून नवऱ्याची वाट बघते. झुरळाला चप्पल. लेक म्हणते हा पक्षपात आहे. आहेच.