समर्पणाच्या सणाची सकाळ

आज २ फेब्रुवारी, बाळ येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९७ पासून हाच दिवस समर्पित जीवनासाठी, म्हणजे व्रते घेऊन देवाला वाहिलेल्या जीवनासाठी, राखून ठेवला. आमच्या वसईतील चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला (मुख्य उपासनाविधीला) पेटत्या मेणबत्त्या हाती घेऊन सिस्टरांनी आपल्या व्रतांचे नूतनीकरण केले.

माझ्या लहानपणी एकाच घरातील दोन बहिणी मठात गेल्याचे पाहिले आहे. आता घरात मुलेच एक-दोन असतात आणि मुलींपुढे शिक्षणाच्या, नोकरीच्या अनेक वाटा खुल्या आहेत. त्यामुळे मठात जाणाऱ्या मुलींची संख्या घटणे स्वाभाविकच आहे आणि मला त्याची खंत वाटत असे.

मिस्सानंतर एका तरुण सिस्टरशी बोलणे झाले. नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांपूर्वीचा प्रशिक्षणकाळ, संपवून त्यांनी तात्पुरती व्रते घेतली आहेत आणि आजीवन व्रतांपूर्वीची ही वर्षे, जी चर्चच्या नियमानुसार किमान तीन असतात, त्या स्वतःला पारखण्यासाठी वापरत आहेत. आदिवासी पाड्यांवरील स्त्रियांसोबत काम करायचे आहे, असे त्या शांतपणे म्हणाल्या. मध्य प्रदेशात अशाच कामापायी १९९५ मध्ये प्राण गमावलेल्या आणि २०१७ मध्ये धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित झालेल्या सिस्टर राणी मारिया त्यांचा आदर्श आहेत. नोकरी सोडून, आईवडिलांची समजूत काढून, पूर्ण विचारांती आलेली ही मुलगी पाहून माझी खंत पुष्कळ निवळली. त्यांच्या तुकडीत तिघीच आहेत, पण तिघींनीही ही वाट स्वतः निवडली आहे.

निघताना त्यांनी हातातली अर्धी जळालेली मेणबत्ती माझ्या आईसाठी दिली.