बॅटरीचा काटा आणि ग्राउंडची वायर

रोबोटच्या कंट्रोल पॅनेलवर मला स्क्रीन नको होती, खरे काट्याचे मीटर हवे होते. मीटर घेतले 1 मिलिअँपिअरचे. आर्डुइनो म्हणजे रोबोट चालवणारा छोटा प्रोग्रॅमेबल बोर्ड. त्याच्या पीडब्ल्यूएम पिनला (ही पिन भराभर चालू-बंद होऊन सरासरी व्होल्टेज कमी-जास्त करते) 4.7 किलोओहमचा रेझिस्टर आणि एक प्रीसेट, म्हणजे स्क्रूने फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, सिरीजमध्ये लावला, की काटा शेवटच्या रेघेवर बसवता येतो. डायल इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आखल्या. इथवर काही अडलं नाही.

अडलं ते बॅटरीच्या मीटरवर. तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरली की 12.6 व्होल्ट, आणि साडेदहाच्या खाली मी तिला जाऊ देत नाही. डायल शून्यापासून आखली असती तर काटा एका कोपऱ्यातच वळवळला असता, म्हणून 9 ते 13 अशी आखली. रोबोट उभा असताना काटा स्थिर. चाकं फिरली की धपकन खाली आणि वर थरथर. ज्याला विचारावं तो एकच सांगणार: कोडमध्ये सरासरी घे. घेतली. थरथर गेली आणि काटा चुकीचा आकडा ठामपणे दाखवू लागला!

शेवटी वैतागून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं आर्डुइनोच्या ग्राउंडला, म्हणजे त्याच्या मायनसला, लावलं आणि चाकं फिरवली. दोन्ही ग्राउंडच, म्हणजे शून्य दिसायला हवं. दिसले 0.2 व्होल्ट. आर्डुइनोचं ग्राउंड मोटर ड्रायव्हरवरून (मोटरला करंट पुरवणाऱ्या बोर्डवरून) घेतलेलं, आणि ड्रायव्हरपासून बॅटरीपर्यंतच्या बारीक वायरमधून मोटरचा सगळा करंट परतत होता. हे 0.2 त्या वायरमध्येच पडत होते. आर्डुइनोला मोजता यावं म्हणून व्होल्टेज कमी करणारी रेझिस्टरची जोडी, म्हणजे व्होल्टेज डिव्हायडर, मात्र थेट बॅटरीवर. तो 12 चे 3 करतो. त्यातून 0.2 गेले की आर्डुइनोला दिसतात 2.8, आणि चारने गुणल्यावर 11.2. डायलचा पाचवा हिस्सा गायब! सरासरी काढून हे सुटणार कसं?

आर्डुइनोचं ग्राउंड ड्रायव्हरवरून काढून थेट बॅटरीच्या मायनसला नेलं, मोटरची वायर जाड केली. आताही चाकं सुरू होताना काटा किंचित झुकतो, पण ते बॅटरीचं व्होल्टेज खरोखरच पडतं म्हणून. ते मला दिसायलाच हवंय.

हो, डायल छापताना प्रिंट 100 टक्क्यांवरच ठेवा. 'पानात बसवा' निवडलं की कमान आक्रसते आणि रेघा काट्याशी जुळत नाहीत. मीटरचं प्लास्टिकचं झाकण कोरड्या फडक्याने पुसू नका, स्टॅटिकमुळे काटा भलतीकडेच ओढला जातो. किंचित ओलसर फडकं फिरवलं की सुटतो.